विश्लेषण : नवी स्पोर्ट्स कार आताच घ्यावी की थांबावे? आयात शुल्क कपातीमुळे गणित कसे बदलणार?

फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. शोरूम किंमत सुमारे ५३ लाख रुपये. ही किंमत जाहीर होण्याआधीच पहिल्या खेपेतील सर्व १५० गाड्यांची नोंदणी झाली होती. ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ लाखांना आली आणि तिच्या अवघ्या १०० गाड्यांचेही तसेच झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत, २७ जानेवारी २०२६ रोजी, भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा केली. युरोपातून येणाऱ्या मोटारींवरील ११० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे स्पोर्ट्स कारसाठी पैसे जमवलेल्या ग्राहकापुढे पेच उभा राहिला आहे. आता घेतली नाही तर गाडी मिळणार नाही, आणि आता घेतली तर ती महागात पडेल. दोन्ही शंका खऱ्या आहेत. मात्र कोणती शंका कोणत्या गाडीला लागू होते, हे न तपासता घेतलेला निर्णय काही लाखांचा फटका देऊ शकतो.

स्पोर्ट्स कार भारतात इतक्या महाग का?

बहुतेक स्पोर्ट्स कार परदेशात पूर्ण तयार होऊन जहाजाने भारतात येतात. वर्षाला शे-दोनशे गाड्या विकण्यासाठी इथे जुळणी करणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही. अशा पूर्ण तयार गाडीची विमा व वाहतूक खर्चासह किंमत ४० हजार डॉलरपेक्षा कमी असेल तर ७० टक्के आणि जास्त असेल तर ११० टक्के शुल्क भरावे लागते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात महागड्या गाड्यांवरील मूळ सीमाशुल्क १०० वरून ७० टक्के झाले, पण त्यावर ४० टक्के कृषी अधिभार आला. म्हणजे बेरीज ११० टक्केच राहिली.

त्यानंतर मूळ किंमत अधिक शुल्क, या बेरजेवर जीएसटी लागतो. मोठ्या मोटारींवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर मिळून ४५ ते ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के दर आला. मे महिन्यातील ग्राहकाने जुन्या दराने कर भरला, ऑक्टोबरमधील ग्राहकाने नव्या दराने. पाच महिन्यांच्या अंतराने कर कसा बदलतो, याचे हे ताजे उदाहरण.

करारांत नेमके काय आहे?

दोन करार महत्त्वाचे आहेत. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. ३,००० सीसीहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना त्यात सर्वाधिक सवलत आहे. करार लागू झाल्यापासून पहिल्या वर्षी ठरावीक संख्येपर्यंत शुल्क ३० टक्के आणि पाचव्या वर्षी १० टक्के. त्याहून लहान इंजिनांसाठी सुरुवात ५० टक्क्यांपासून होते. ठरलेली संख्या संपली की उरलेल्या गाड्यांना जास्त दराने शुल्क भरावे लागते.

युरोपीय संघाबरोबरच्या करारात हा कोटा वर्षाला अडीच लाख मोटारींचा आहे. स्पोर्ट्स कारच्या तुटपुंज्या खपाचा विचार करता तो भरपूर मोठा वाटतो, पण त्यात साध्या आणि आलिशान सर्वच गाड्या मोजल्या जातील. शिवाय वाटाघाटी पूर्ण होणे म्हणजे करार लागू होणे नव्हे. मसुद्याची कायदेशीर छाननी, भाषांतरे, स्वाक्षऱ्या आणि युरोपीय संसदेची संमती असे टप्पे पार पडावे लागतात. आणि ‘१० टक्के’ हा आकडा टप्प्याटप्प्याने झालेल्या कपातीनंतरचा आहे, पहिल्या दिवसाचा नाही.

सवलत प्रत्येक परदेशी गाडीला मिळेल?

नाही. अनेक ग्राहकांची गल्लत इथेच होते. करारात ब्रँडचा देश नव्हे, तर गाडी कुठे तयार झाली ते पाहिले जाते. पोर्श ९११ जर्मनीत श्टुटगार्टच्या झुफेनहाउझन भागात तयार होते आणि गोल्फ जीटीआय वोल्फ्सबुर्गमध्ये. या दोन्ही युरोपीय संघाच्या कराराच्या कक्षेत येऊ शकतात. पण बीएमडब्ल्यू एम२ ही जर्मन कंपनीची गाडी मेक्सिकोतील सान लुइस पोतोसीच्या कारखान्यात बनते. युरोपबरोबरच्या कराराची वाट पाहत एम२ ची खरेदी पुढे ढकलणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागणार नाही.

ब्रिटनच्या बाबतीत लोटस एमिरा, ॲस्टन मार्टिन व्हँटेज, मॅकलॅरेन आर्टुरा या तिन्ही गाड्या इंग्लंडमध्ये बनतात. पण विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना पहिली पाच वर्षे सवलत नाही, आणि आर्टुरा प्लग-इन हायब्रिड आहे. व्हँटेजचे व्ही८ इंजिन मात्र मोठ्या इंजिनाच्या गटात बसते. एकाच देशात बनलेल्या दोन गाड्यांसाठी थांबण्याचा हिशेब असा वेगवेगळा निघतो.

किंमत खरोखर निम्म्यावर येईल?

एक साधे उदाहरण घेऊ. बंदरात पोहोचलेल्या गाडीची किंमत ५० लाख रुपये आहे. ११० टक्के शुल्क धरले तर ती १ कोटी ५ लाखांची होते आणि ४० टक्के जीएसटीनंतर १ कोटी ४७ लाखांची. शुल्क ३० टक्के झाले तर हाच आकडा ९१ लाख येतो आणि १० टक्के झाले तर ७७ लाख. विक्रेत्याचा नफा आणि पथकर यात धरलेले नाहीत. पथकर किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो, त्यामुळे किंमत उतरली की तोही उतरतो. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली असल्याने अतिमहागड्या गाड्यांच्या ग्राहकांना हा फरक अधिक जाणवेल.

कागदावर ही घट मोठी आहे. पण दोन गोष्टी तिला कात्री लावू शकतात. पहिली म्हणजे रुपया. २०२५ च्या सुरुवातीला एक युरो ९० रुपयांच्या आत होता, वर्ष संपताना तो १०० च्या वर गेला. वरच्या उदाहरणातील ५० लाखांची गाडी चलनामुळे १२ टक्क्यांनी महागली, तर ११० टक्के शुल्काच्या हिशेबात अंतिम किंमत जवळपास साडेसतरा लाखांनी वाढते. थांबण्याच्या काळात रुपया आणखी घसरला तर शुल्क कपातीचा काही भाग तिथेच जिरतो. दुसरी गोष्ट, शुल्क जेवढे घटले तेवढीच किंमत घटवण्याचे बंधन कंपनीवर नाही. मागणी जास्त आणि गाड्या मोजक्या असतील तर सवलतीचा वाटा कंपनी आणि विक्रेत्याकडेही राहू शकतो.

आज घेणाऱ्याचे नेमके काय नुकसान?

जास्त कर भरला एवढ्यावर हे नुकसान थांबत नाही. नव्या गाडीची किंमत उतरली की तिच्याच जुन्या गाडीचा बाजारभावही खाली येतो. वरच्या उदाहरणात आज १ कोटी ४७ लाखांना घेतलेली गाडी तीन वर्षांनी विकायची झाली आणि तेव्हा नवी कोरी ९१ लाखांना मिळत असेल, तर जुनीसाठी ९१ लाखांहून अधिक कोण देणार? कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला हा फटका जास्त बसतो. गाडीची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा खाली जाऊ शकते.

नेहमीची घसारा वजावट यापेक्षा वेगळी आहे. मोटार विम्याच्या तक्त्यानुसार विमाकृत मूल्य सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी, एका वर्षानंतर २० टक्क्यांनी आणि दोन वर्षांनंतर ३० टक्क्यांनी कमी धरले जाते. ही घट प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असते. शुल्क कपातीमुळे येणारी घट त्यावर अधिकची असेल, आणि आजच्या विक्रीपत्रकात ती दिसत नाही. याउलट, दहा-पंधरा वर्षे गाडी ठेवू इच्छिणाऱ्याला विक्रीच्या भावाची चिंता फारशी नसते. म्हणून ‘किती वर्षे ठेवणार’ हा प्रश्न ‘किती रुपयांना मिळणार’ याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कराखेरीज थांबण्याची कारणे आहेत?

आहेत. पहिल्या वर्षीची गाडी ही अनेकदा पूर्ण घडलेली गाडी नसते. टोयोटाने नवी सुप्रा अमेरिकेत २०२० चे मॉडेल म्हणून आणली तेव्हा तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ३३५ अश्वशक्ती होती. पुढच्याच, २०२१ च्या मॉडेलमध्ये ती ३८२ झाली. २०२३ च्या मॉडेलला मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळाला. पहिल्या वर्षी घाई केलेल्या ग्राहकांना हे पाहत बसावे लागले.

दोष उघड होण्याचाही प्रश्न असतो. २०१४ मध्ये पोर्शच्या तेव्हाच्या नव्या ९११ जीटी३ पैकी दोन गाड्यांच्या इंजिनांना आग लागली. कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होणे हे कारण निघाले. कंपनीने मालकांना गाडी चालवू नका असे सांगितले आणि ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. कंपनीने जबाबदारी घेतली, पण पहिल्या ग्राहकांचे काही महिने गाडी उभी ठेवण्यात गेले. भारतात अशा गाड्यांचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. त्यामुळे इथे ही प्रतीक्षा आणखी लांबू शकते.

मग थांबण्यात धोका कोणता?

गाडीच न मिळण्याचा. भारतातील वेगळी चाचणी प्रक्रिया न करता, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मंजूर झालेल्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत आयात करण्याची मुभा कंपन्यांना २०१८ पासून आहे. अशा वाटेने येणाऱ्या गाड्यांची संख्या कंपनीच ठरवते, आणि खेप संपली की पुढची येईलच असे नाही. २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० गाड्या ३५.९९ लाखांना आल्या होत्या. ती संधी हुकलेल्यांना पुढच्या आरएससाठी पाच वर्षे थांबावे लागले आणि किंमत १४ लाखांनी वाढली.

काही गाड्या तर परत येणारच नाहीत. पोर्शने ७१८ बॉक्स्टर आणि केमनच्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. शुल्क १० टक्क्यांवर येईल त्या वर्षी आज हवी असलेली गाडी कारखान्यात बनत असेलच, याची खात्री नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

उत्तर तीन प्रश्नांत आहे. गाडी कोणत्या देशात बनते? ती ठरावीक संख्येत येते की नियमित विक्रीत राहणार आहे? आणि ती किती वर्षे ठेवायची आहे?

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये बनणारी, नियमित विक्रीत राहणारी, ११० टक्के शुल्काच्या गटातील महागडी गाडी तीन-चार वर्षांत बदलायची असेल, तर थांबण्याची बाजू भक्कम आहे. तोवर पहिल्या वर्षीचे दोषही समोर येतील. मेक्सिको किंवा अन्य देशांतून येणाऱ्या गाडीसाठी या करारांची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे फक्त पहिल्या वर्षीचे बदल आणि दोष यांचाच विचार करावा. आणि गाडी मोजक्या संख्येत येणारी, उत्पादन संपत आलेली असेल आणि ती दीर्घकाळ जवळ ठेवायची असेल, तर थांबून वाचणाऱ्या पैशांपेक्षा गाडी हुकण्याची शक्यता मोठी ठरते.

नोंदणीपूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारता येतात. गाडी ताब्यात मिळण्याआधी शुल्क किंवा कर कमी झाला तर बिल कोणत्या दराने होणार, आणि नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळणार? प्रतीक्षा यादीतील ग्राहकासाठी पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाखमोलाचे आहे. ते ‘तेव्हा पाहू’ असे असेल, तर शुल्क कपातीचा फायदा आपल्यापर्यंत पोहोचेल हे ग्राहकाने गृहीत धरू नये.