अक्षरांचा फोटो कशाला?

शिक्षक मित्रहो, आपण स्वाध्याय, आकृत्या, सहलीचे फोटो मोबाईलने टिपतो आणि जसेच्या तसे साइटवर टाकतो. मेहनत असते, पण पान उघडतच नाही. घरात एकच फोन, त्यात रोजच्या डेटाला मर्यादा. अशा पालकांना 'थोडं थांबा' सांगणं मला पटत नाही.

मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, वजन तीन-चार एमबी. असे दहा टाकले की झाले तीस-चाळीस एमबी! तोच फोटो रुंदीला १२०० पिक्सेल करून जेपीजीत सेव्ह केला तर बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीत बसतो. संगणकावरच्या साध्या पेंटमध्येही हे जमतं. (मुलांचे फोटो असतील तर फाईलमध्ये लोकेशन साठलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.)

पण जेपीजी सगळीकडे चालवू नका. १९९२ सालचं हे मानक मुळात छायाचित्रांसाठी आहे. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यातला बारीक तपशील गाळतं. झाडं, चेहरे, आकाश यांत ते खपून जातं. पांढऱ्यावर काळी रेघ आली की मात्र कडेला धूळ बसल्यासारखी दिसते. त्यात आपली देवनागरी! अनुस्वार पुसट झाला आणि 'रंग'चा 'रग' वाचला, तर पहिलीच्या पोराचा काय दोष? पुन्हा पुन्हा सेव्ह केलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत तर आणखीच बिघडते. (तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाईल तशीच राहते.) म्हणून फुलाच्या भागांची आकृती, आलेख, नकाशा पीएनजीत ठेवा, त्यात काही गाळलं जात नाही. सहलीचा फोटो मात्र पीएनजीत उगाच फुगतो.

वेबपी दोन्हींपेक्षा सहसा हलकं असतं आणि आजचे ब्राउझर ते दाखवतात. जमत असेल तर जरूर वापरा.

आणि निबंध? तो जेपीजीतही नको, पीएनजीतही नको. सरळ टाईप करा. हस्ताक्षर सुंदर आहे म्हणून वहीच्या पानाचा फोटो टाकायची आपल्याकडे भारी हौस. पण अंध विद्यार्थ्याच्या फोनवरचं वाचून दाखवणारं अ‍ॅप मजकूर वाचतं. फोटोपाशी आलं की बऱ्याचदा नुसतं 'इमेज' म्हणतं आणि पुढे जातं.