पहिली टीप सरळ यावी म्हणून

बहुतेक घरांत एक शिलाई मशीन असते. कुणाच्या लग्नात आलेले, नाही तर सासूबाईंनी हौसेने घेतलेले. पहिले काही दिवस ते उत्साहाने चालते. मग नवशिकी गृहिणी एकदम नव्या साडीतील ब्लाउजपीसच बेतावयास घेते. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात, गळा ओढला जातो, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून मशीनवर झाकण पडते आणि त्या झाकणावर घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग येऊन बसतो. पुढे उसवलेली बाही किंवा सुटलेली दुमड यांसाठीही कपडा शिंप्याकडे जातो. एवढ्याशा कामाला शिंप्याला सवड नसली, की तो धडधाकट कपडा कोपऱ्यात पडतो व त्याच्या जागी नवा येतो.

परिग्रह-परिमाणाचे व्रत असे नकळत मोडते. ज्या घराला कपाटातील कपड्यांची मर्यादा पाळावयाची आहे, त्या घराला असलेला कपडा टिकविण्याची कलाही यावयास हवी. ती कला अवघड नाही. नवशिक्या हाताचे काम बिघडते ते बहुधा मशीनवर बसण्यापूर्वीच्या घाईमुळे. उठता-बसता, वस्तू उचलता-ठेवता यत्न राखावा, ही शिकवण जैन घराला नवी नाही. शिवणालाही तीच लागू पडते.

कापड आधी, कात्री नंतर

पहिल्या कामासाठी मांजरपाट, पॉपलीन किंवा केंब्रिक असे सुती कापड घ्यावे. ते हाताखाली स्थिर राहते, घडी धरते आणि इस्त्रीने लगेच बसते. जॉर्जेट, शिफॉन, सॅटिन ही निसटणारी कापडे हात बसेपर्यंत दूर ठेवावीत. रेशमासाठी कोशातील किड्याचा जीव जातो, म्हणून अनेक जैन घरांत ते वर्ज्यच असते. शिकाऊ हाताच्या दृष्टीनेही सुती कापडच सोयीचे.

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आखडू शकते. म्हणून बेतण्यापूर्वी ते गाळून तापविलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवावे, न पिळता वाळवावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. रात्रभर भिजत ठेवण्याचे कारण नाही.

कापडाला तीन दिशा असतात. किनारीला समांतर जाणारा उभा धागा सर्वांत कमी ताणतो, आडवा थोडा अधिक आणि तिरपे म्हणजे उरेब ओढल्यास कापड सर्वांत अधिक ताणते. कपड्याची लांबी उभ्या धाग्यावर धरावी. धुतल्यावर पायजम्याचा पाय पिळल्यासारखा दिसतो, तो बहुधा बेतताना धागा तिरपा गेल्यामुळे. आडवी कड सरळ हवी असल्यास एक आडवा धागा हळूहळू ओढून काढावा आणि त्याच्या जागी उमटलेल्या रेघेवर कात्री चालवावी. ही कात्री फक्त कापडासाठी राखून ठेवावी. कागद कापल्याने तिची धार जाते.

मापे आधी वर्तमानपत्रावर काढून कागद कापून घ्यावा. चूक झालीच तर कागद वाया जाईल, कापड नव्हे. कापडाची दुहेरी घडी घालून, सुलट बाजू सुलट बाजूस लावून बेतले, की दोन बाह्या आपोआप डावी व उजवी अशा निघतात.

शिलाईच्या रेघेबाहेर जे जास्तीचे कापड राखतात, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतील माया सोडावी असे धर्म सांगतो. शिंपीही ‘माया सोडा’ असेच म्हणतो. पण त्याच्या बोलीत त्याचा अर्थ ती राखून ठेवा असा होतो. साध्या शिलाईस दीड सेंटिमीटर माया पुरे. वाढत्या मुलांच्या कपड्यांत बाजूच्या शिलाईला तीन सेंटिमीटर ठेवल्यास तोच कपडा पुढे उसवून सैल करता येतो.

मशीनची तयारी

बरेच दिवस बंद असलेल्या मशीनच्या खोक्यात आणि शटलच्या खाचेत कोळी, मुंग्या, कसर आसरा घेतात. झाकण काढताच चाक फिरवू नये. आधी उजेडात नीट पाहावे, मऊ कुंचल्याने हलकेच झाडून घ्यावे आणि एखादा जीव आढळल्यास त्याला सुखरूप बाजूला ठेवावे. नंतर साठलेला कचरा काढून तेलाच्या छिद्रांत एक-एक थेंब घालावा. तेल मशीनचेच असावे; खोबरेल थंडीत गोठते आणि पुढे चिकटून बसते. तेल घातल्यावर प्रथम चिंधीवर शिवावे, म्हणजे चांगल्या कापडावर डाग पडत नाहीत.

सुई कापड पाहून निवडावी. मलमलीसारख्या तलम कापडास 11 नंबर, नेहमीच्या सुती कापडास 14 नंबर आणि जाड कापडास 16 नंबर. सुईला ज्या बाजूने लांब खाच असते, त्या बाजूने दोरा ओवावा. बोथट किंवा वाकलेली सुई टाके गाळते. अशी सुई लगेच बदलावी.

कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याची वेटोळी दिसू लागली, की नवशिक्यांना बॉबिनचा संशय येतो. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवावा. फूट खाली असताना ओवलेला दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. एवढे करूनही वेटोळी राहिली, तर वरचे टेन्शन थोडे घट्ट करावे.

हात बसविण्यासाठी

पहिला सराव दोरा न ओवता करावा. रेघा असलेल्या वहीचे पान घेऊन जुन्या सुईने रेघेवरून छिद्रे पाडीत जावे. आधी सरळ रेघा, मग कोन, मग वाटी ठेवून काढलेले गोल. रोज पंधरा मिनिटे असा सराव केल्यास पायाची गती आणि हाताची दिशा यांचा मेळ बसू लागतो.

दोरा ओवल्यावर सुई सर्वांत वर आणून मगच सुरुवात करावी. वरचा व खालचा अशी दोन्ही टोके फुटाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत धरून ठेवावीत. सुरुवातीचा गुंता याने टळतो. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके, ठेवावी. सुईपासून दीड सेंटिमीटर अंतरावर मशीनच्या पाट्यावर रंगीत चिकटपट्टी लावावी, कापडाची कड त्या पट्टीला धरून चालवावी आणि नजर सुईवर न ठेवता पट्टीवर ठेवावी. टाचण्या शिलाईला आडव्या लावाव्यात आणि सुई जवळ येण्यापूर्वी काढाव्यात. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचलावा, कापड वळवावे आणि फूट पुन्हा खाली घ्यावा. प्रत्येक टीप घातल्यावर इस्त्री दाबून उचलावी, घासू नये.

पहिले काम: शास्त्राचे वेष्टन

दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. त्या निमित्ताने ग्रंथ झाडूनपुसून नव्या वेष्टनात बांधण्याची रीत आहे. नवशिक्या हाताला याहून चांगले काम नाही, कारण वेष्टनात गळा नाही, बाही नाही. चार सरळ कडा आणि चार कोपरे एवढेच.

भिजवून इस्त्री केलेल्या कापडाचा 78 सेंटिमीटरचा चौरस कापावा. समोरासमोरच्या दोन कडा आधी अर्धा सेंटिमीटर, मग एक सेंटिमीटर दुमडून इस्त्रीने बसवाव्यात, कच्चा दोरा घालावा आणि दुमडीच्या आतल्या कडेजवळून टीप मारावी. मग उरलेल्या दोन कडा तशाच कराव्यात. 75 सेंटिमीटरचे वेष्टन तयार होते. एका कोपऱ्यावर हातभर लांबीची नाडी मागेपुढे टीप मारून पक्की केली, की ग्रंथ गुंडाळून बांधता येतो. याच रीतीने पाणी गाळण्याच्या कापडाच्या कडा शिवाव्यात. परंपरेने सांगितलेले त्याचे माप 36 अंगुल लांब व 24 अंगुल रुंद असे आहे. ते जाडसर असावे आणि वापरताना दुहेरी घ्यावे.

उसवण्याची लाज नको

टीप वाकडी गेली तर कापड ओढू नये. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापावा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढावा. सबंध टीप निघून येते. कापडावर राहिलेली छिद्रे दमट इस्त्रीने बरीचशी मिटतात. प्रतिक्रमणात मागे वळून झालेला दोष पाहतात आणि तो पुन्हा न घडो अशी भावना करतात. उसवतानाही टीप कुठून वळली हे पाहिले, तर पुढची टीप तेथे वळत नाही. कसलेले शिंपीही उसवतात. फक्त ते त्यासाठी मशीन बंद करून ठेवीत नाहीत.

वेष्टन ग्रंथावर बांधून झाल्यावर कपाट उघडावे. कोपऱ्यात टाकलेली ती उसवलेली बाही, सुटलेली दुमड बाहेर काढावी. त्या शिलाया लांबीला वीतभरही नसतात. आणि मशीनवर तेव्हा घड्यांचा ढीग नसतो.