मुदतीपूर्वी रिकामी होणारी घरे

बदलीचा हुकूम आणि भाडेकरार हे दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत. पहिला सरकारी कचेरीत तयार होतो आणि तो हाती पडला की थोड्याच दिवसांत नव्या जागी रुजू व्हावे लागते. दुसरा घरमालकाच्या ओसरीवर तयार होतो. त्यात अकरा महिन्यांची मुदत लिहिलेली असते आणि बदलीच्या हुकमाने ती एका दिवसानेही कमी होत नाही. या दोन कागदांच्या मध्ये जो सापडतो तो बहुधा शिक्षक असतो, कारकून असतो, नाही तर परगावी शिकायला गेलेला त्यांचा मुलगा असतो.

नांदुरा हे अशा माणसांचे गाव आहे. महामार्गावरून जाणाऱ्याला ते एकशे पाच फुटी मारुतीच्या मूर्तीमुळे ठाऊक असते. नोकरदाराला ते भाड्याच्या दोन खोल्यांमुळे ठाऊक असते. मलकापूर आणि शेगाव यांच्या मध्ये लोहमार्गावर वसलेल्या या तालुक्याच्या गावी तहसील कचेरी, पंचायत समिती, बँका आणि शाळा यांच्या निमित्ताने माणसे येतात, तीन-चार वर्षे राहतात आणि जातात. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पही याच तालुक्यातला. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर पाळून प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करणारे गुरुजी हे तर उघड गुपितच आहे. या मंडळींपैकी कोणी पाचव्या महिन्यात किल्ली परत करू लागला की घरमालक करार पुढे करतो आणि उरलेल्या सहा महिन्यांचे भाडे मागतो, किंवा अनामत विसरा असे सांगतो.

मुदतीच्या भाडेपट्ट्यावरून होणारे वाद वऱ्हाडला नवे नाहीत. हा सबंध प्रांतच एके काळी भाड्याने दिलेला होता. १९०२ साली निजामाने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने दिला. १९२३ साली त्याच्या वारसाने घर परत मागितले. १९२६ साली लॉर्ड रीडिंग यांनी सार्वभौम सत्तेचा हवाला देऊन ती मागणी फेटाळली. मालकाने मागावे आणि भाडेकरूने न सोडावे, असे हे प्रकरण होते. ‘कायम’ म्हणविणारा तो पट्टा पुढे अर्ध्या शतकाच्या आतच इतिहासजमा झाला. राज्यांच्या करारांची ही गत, तर दोन खोल्यांच्या करारात अकरा महिने म्हणजे अकरा महिनेच, असा हट्ट धरणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यायला हरकत नसावी.

मुळात हे अकरा महिने आले कोठून? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकतो. नोंदणीचा खर्च आणि खेटे टाळण्यासाठी वर्षाला एक महिना कमी करण्याची युक्ती निघाली. त्यात १९७३ साली मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तो कायदा विदर्भाला लागू नव्हता. येथे १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश होता आणि त्याखाली घर सोडण्याची नोटीस देण्यासाठीही मालकाला आधी नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. पण घर दिले की गेले, ही धास्ती सर्वत्र सारखीच होती. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने हे जुने कायदे रद्द केले आणि करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, अशी जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी केली नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. म्हणजे अकरा महिन्यांच्या युक्तीचे कारण संपले. युक्ती मात्र शिल्लक आहे, आणि तालुक्यांच्या गावी नोंदणीऐवजी मुद्रांक कागदावर दोन सह्या करून भागविण्याची सवयही.

मुदतीपूर्वी घर सोडण्याच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांच्या मनात एकेक भ्रम घट्ट बसला आहे. पंधरा दिवसांची नोटीस दिली की आपण मोकळे, असे भाडेकरूला वाटते. कायद्यात पंधरा दिवस आहेत, परंतु ते महिनेमहाल राहणाऱ्यासाठी, आणि तेही करारात वेगळे काही ठरले नसेल तेव्हा. मुदत ठरवून सही केलेल्याला ती वाट खुली नाही. उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे आपल्या हक्काचे, असे मालकाला वाटते. तेही खरे नाही. भारतीय करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेहून अधिक नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. त्याआधीच्या कलम ७३ चे स्पष्टीकरण आणखी महत्त्वाचे आहे. नुकसान मोजताना ते टाळण्याचे जे उपाय हाती होते तेही विचारात घ्यायचे असतात. घर दुसऱ्या महिन्यात नव्या बिऱ्हाडाला दिले असेल, तर जुन्या बिऱ्हाडाकडून सहा महिन्यांचे भाडे कापून घेणे हे एकाच खोलीचे दोनदा भाडे घेणे होय.

आपत्ती आली तर करार आपोआप सुटतो, हा आणखी एक समज. भाडेपट्ट्याला करार कायद्यातील अशक्यतेचे तत्त्व लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटले आहे. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा प्रत्ययास आले. विद्यार्थी गावी परतले, पुण्या-मुंबईतल्या खोल्या कुलुपात राहिल्या आणि भाडे चढत गेले. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्यास घरमालकांना सांगितले. ढकलण्यास सांगितले, सोडण्यास नव्हे. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एका दुकानाच्या प्रकरणात करारात तरतूद नसेल तर टाळेबंदीमुळे भाडे थांबविता येत नाही, असा निर्णय दिला. ज्याच्या करारात ‘एक महिन्याची नोटीस’ एवढे तीन शब्द होते, तो विद्यार्थी सुटला.

न्यायाचा तराजू येथे किंचित कललेला आहे, हेही सांगितले पाहिजे. परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध १९९९ च्या कायद्याने मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जवळचा मार्ग दिला आहे आणि दुप्पट शुल्काने भरपाईही देऊ केली आहे. ते योग्यच आहे. परंतु अनामत अडकवून ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध भाडेकरूला असा जवळचा मार्ग नाही. त्याने दिवाणी दावा लावावा. दहा-पंधरा हजारांच्या अनामतीसाठी गडचिरोलीला रुजू झालेला कारकून नांदुऱ्याच्या तारखांना येईल काय? मालकाला हे ठाऊक असते, आणि वाद तेथेच संपतो.

मालकांचीही बाजू आहे आणि ती लहान गावात अधिक खरी आहे. पुण्यात रिकामी झालेली खोली आठवड्यात भरते. नांदुऱ्यात डिसेंबरात रिकामे झालेले घर पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत कुलुपातच राहण्याचा संभव असतो. नवी माणसे बदल्यांच्या हंगामातच यायची. पुष्कळ घरमालक हे स्वतःच निवृत्त शिक्षक किंवा विधवा असतात आणि वरच्या मजल्याचे भाडे हे त्यांच्या औषधपाण्याचे पैसे असतात. रात्रीतून सामान हलवून, विजेचे बिल मालकाच्या नावावर ठेवून निघून जाणारी बिऱ्हाडे प्रत्येक आळीने पाहिली आहेत. जास्त अनामत मागण्याची प्रवृत्ती यातूनच वाढली. तेव्हा दोष एका बाजूवर लोटून प्रश्न सुटणार नाही.

येथे सरकारकडूनच काही शिकता येण्यासारखे आहे. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या राज्य कायद्याने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला आणि बदल्यांसाठी एप्रिल-मे हे महिने नेमले. पण अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारण नमूद करून मध्येच बदली करण्याची मुभाही ठेवली. मालक म्हणून सरकार जी सवलत स्वतःकडे राखते, ती त्याच कर्मचाऱ्याच्या भाडेकरारात का नसावी? बदलीच्या हुकमाची प्रत जोडून एक महिन्याची लेखी नोटीस दिली की करार संपावा, आणि हंगाम नसताना घर सोडले तर आणखी एक महिन्याचे भाडे मालकाला मिळावे. तोच एक महिना मालकालाही लागू असावा, म्हणजे मुलाच्या लग्नासाठी घर हवे म्हणून आठ दिवसांत बाहेर काढण्याचे प्रकार बंद होतील. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरी कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि ताबा परत घेताना, देणे वजा करून, ती परत करावी असे म्हटले आहे. राज्यांनी केव्हा काय स्वीकारावे हा विधिमंडळांचा प्रश्न. करारात ही मर्यादा आजच लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

हे काम शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी अंगावर घेण्यासारखे आहे. वेतनश्रेणीच्या निवेदनांवर जेवढा कागद खर्च होतो त्याच्या शतांशात एक चांगला मराठी नमुना करार छापून तहसीलसमोरच्या दस्तलेखकांकडे ठेवता येईल. आज तेथे मिळणारा नमुना वर्षानुवर्षे नकलला जातो. त्यात रंगरंगोटी आणि खिळे ठोकण्याची बंदी तपशीलवार असते, पण घर सोडण्याविषयी अवाक्षर नसते. नोंदणी आता संगणकावर घरबसल्या होते आणि मुद्रांक शुल्कही एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या आसपास असते, तेव्हा खर्चाची सबब पूर्वीइतकी उरलेली नाही. आणि किल्ली परत देताना तारीख, मीटरचा आकडा आणि अनामतीतून केलेली प्रत्येक वजावट लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बहुतेक भांडणे घर कोणत्या दिवशी सोडले यावरून होतात, आणि त्या दिवसाचा पुरावा म्हणून सध्या कोणाकडेच काही नसते.