भोजराजाचा यंत्रपुरुष आणि आपला पोकळ अभिमान

यंत्रमानवाची आकृती रेखाटून ती संगणकावर चालवू पाहणाऱ्या तरुणाला अरेरा कॉलोनीतील आपल्या बैठकींतून एकच उत्तर मिळते : “यात नवे ते काय? भोजराजाने हे हजार वर्षांपूर्वीच केले!” हा अभिमान पोकळ आहे, कारण तो मिरवणाऱ्यांनी मूळ ग्रंथ क्वचितच उघडलेला असतो.

भोजाचा ‘समरांगणसूत्रधार’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या ३१ व्या अध्यायात लाकडी स्त्री-पुरुषाकृतींचे वर्णन आहे. मान, हात, मनगट, बोटे स्वतंत्र घडवून खिळींनी सांधावीत, वर कातडे चढवावे आणि दोऱ्या-शलाकांनी अवयव हलवावेत, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आधी सांधा, मग आवरण! आजच्या चित्रकारालाही हाच क्रम पाळावा लागतो. कोपराचा आस निश्चित न करता त्यावरील पत्रे आखले, तर हात दुमडताच पत्रा पत्र्यात घुसतो. खवल्यांप्रमाणे ते एकमेकांखाली सरकावेत, यासाठी फट आणि जाडी आधीच मोजावी लागते.

परंतु जोडणीचा तपशील आपण अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी वगळला, असे भोज स्वतःच सांगतो. परिणामी वर्णन आपल्या हाती उरले, विद्या उरली नाही. त्या गुप्ततेचा वारसा अभिमानाने जपण्यात कसला पुरुषार्थ? वडीलधाऱ्यांनी भोजाचे दाखले पुरे करावेत. घरातील मुलांना जुनी घड्याळे, शिवणयंत्रे उघडू द्यावीत आणि त्यांनी जे शोधले ते या पत्रिकेत मराठीतून लिहवून घ्यावे.