प्राणायाम आणि तरुणांचें हृदय

परवां एका परिचित कुटुंबांत जाण्याचा योग आला. घरांतील पंचविशीचा मुलगा दोन जिने चढून वर आला, तों त्यास धाप लागली. आजीबाई कौतुकानें म्हणाल्या, "खात्यापित्या घरचा आहे!" आम्हांस हसूं आलें नाहीं. डॉक्टरांनीं नुकतीच त्यास रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती, आणि ती बाजूस ठेवून चिरंजिवांनीं रोज पहाटे जोरजोरानें कपालभाती आरंभिली होती.

ह्या श्रद्धेंत अर्धें सत्य आहे, म्हणूनच ती अधिक धोक्याची. हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपैकीं कांहीं त्यास पिटाळतात, कांहीं आवरून धरतात. श्वास घेतांना नाडी किंचित् जलद होते, सोडतांना मंदावते. निरोगी तरुणाच्या मनगटावर बोट ठेविल्यास हें कळूं शकतें. मेद वाढला, विशेषतः पोटावर, म्हणजे बहुधा पिटाळणारी बाजू बळावते व हा चढउतार कमी होतो. वय कोवळें असलें तरीही. उलट, मिनिटास १२ ते २० श्वास घेणारा माणूस सावकाश ६ वर आला, आणि उच्छ्वासास अधिक वेळ देऊं लागला, कीं आवरणारी बाजू जागी होते. नित्य अभ्यासानें रक्तदाबही थोडा उतरूं शकतो. प्राणायामास प्रयोगाच्या कसोटीस लावण्याचें काम स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून केव्हांच आरंभिलें होतें.

परंतु संथ श्वसनानें मेद वितळत नाहीं. त्यास चालणें हवें, आठवड्यास निदान १५० मिनिटें, आणि ताटांतील वाढ कमी हवी. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरांपुढें व स्त्रीचा ८० पुढें गेला, कीं सावध व्हावें. सुगृहिणींनीं रागावूं नये, पण आमच्या घरांत 'नको' म्हणणाऱ्याच्या पानावर वाढण्यांतच माया मानतात. तेथें एकट्या मुलानें पथ्य कसें पाळावें?

आम्हीं त्यास सांगितलें कीं, रक्तदाब चढला असतां कपालभाती, भस्त्रिका व कुंभक दूर ठेवावे. कुंभकाविना संथ नाडीशोधन दहा मिनिटें करावें. आणि गोळी डॉक्टरांवांचून बंद करूं नये.

निघतांना आजीबाईंनीं दोघांच्याही हातावर बेसनाचा लाडू ठेविला. आम्हीं आमचा निमूटपणें खाल्ला. त्यानें मात्र आपला अर्धा मोडून आजीच्याच हातीं परत दिला.