अहिंसेचा दिवस धुऱ्यावर पाळू या



दोन ऑक्टोबर आला की ग्रामपंचायतीत गांधीबाबांच्या फोटोवरची धूळ पुसली जाते. हार चढतो, पोरांची फेरी निघते, नारळ फुटतो, चहा होतो आणि जो तो आपल्या कामाला लागतो. २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस साऱ्या जगासाठी अहिंसा दिवस म्हणून जाहीर केला. चांगले झाले. पण त्या दिवशी आपल्या गावातले एक तरी भांडण कमी होते का?

आपल्याकडची हिंसा बांधावर असते, धुऱ्यावर असते. औताचे एक तास पलीकडे सरकले, कुणी बांध कोरला, कुणी गाडीवाट अडवली, की काठ्या निघतात. चुलत भाऊ चुलत भावाचे डोके फोडतो. मग ठाणे, वकील, तारखा. ऐन वेचणीत दोन्ही घरचे कर्ते पुरुष तालुक्याला आणि बायका एकट्या शेतात. वादातल्या पट्टीतला कापूस एका ओटीत मावेल. त्याच्यासाठी बैलजोडी विकली जाते.

याचा आपल्या लढ्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. बारडोली आठवा. गुजरातेतला तो तालुका आपल्यासारखाच कापूस-ज्वारीचा. सरकारने तिथला शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या पाठीशी उभे राहून शेतकऱ्यांनी सारा भरणे बंद केले. म्हशी जप्त झाल्या, जमिनी लिलावाला निघाल्या. पण जप्तीच्या मालाला गावात गिऱ्हाईक मिळेना. शेवटी चौकशी बसली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली.

बारडोलीची खरी ताकद एवढीच होती, की शेजाऱ्याच्या लिलावात शेजारी बोली लावत नव्हता. आता आपापल्या छातीवर हात ठेवून सांगा. ज्या दोघांचे बांधावरून बोलणे बंद आहे, त्यांतल्या एकाच्या दारात उद्या जप्ती आली तर दुसरा आडवा पडेल, की मनातून खूश होईल? आपसात फुटलेल्या गावाला सरकारशी अहिंसेने लढता येत नाही, आणि हिंसेनेही लढता येत नाही.

म्हणून या वर्षी भाषण नको, एक काम करा. आठ दिवस आधी गावातल्या बांधाच्या आणि वाटेच्या भांडणांची यादी करा. त्यातले मिटण्यासारखे एक निवडा. सातबारा आणि नकाशा घेऊन, दोघांनाही मान्य असलेली चार माणसे त्या बांधावर उभी करा. दोन्ही घरच्या बायकांनाही बोलवा. भांडणाचा ताप त्यांनीच जास्त सोसलेला असतो. खूण पटली तर तिथेच दगड रोवा. नाही पटली तर मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करा आणि फी निम्मी-निम्मी भरा. जे ठरेल ते कागदावर लिहून दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोडीचा कागद तिथे दाखल करा.

२००७ साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसे मिळाली. पण बक्षिसासाठी मिटलेले भांडण बक्षिसाबरोबरच संपत नाही. दोघांच्या मनातून मिटले तरच ते मिटते.

एक मात्र ध्यानात ठेवा. बाईवर हात टाकणे, जातीवरून छळ करणे, या गोष्टी समेटाच्या नाहीत. त्यांच्यावर पांघरूण घालणे म्हणजे अहिंसा नव्हे, तो बळवंताचा सोयीस्कर शांतपणा आहे. तिथे कायद्याचीच वाट धरायची.

फोटोला हार जरूर घाला. पण संध्याकाळी त्या बांधावर दोन्ही घरची भाकरी एका फडक्यात सुटू द्या. गावात एक भांडण मिटले, तर उद्याच्या लढ्याला दोन घरे वाढली असे समजा.