आधी हिशोब, मग आलेख

सिम्पायसारख्या गणिती प्रणालीत एक तृतीयांश म्हणजे एक तृतीयांशच. अंश 1, छेद 3. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला आणि तिच्या पोटातल्या नमपायला मात्र फ्लोट लागतो, म्हणजे 64 बिटांत बसवलेली, 15-16 दशांश अंकांपर्यंतच भरवशाची संख्या. सिम्पायच्या अपूर्णांकांची यादी नमपायच्या साइन फलाला दिली की ते सरळ नकार देते. मग वैतागलेले विद्यार्थी सगळ्याच संख्या सुरुवातीला फ्लोट करून मोकळे होतात. नकार टळतो खरा, पण तोडगा चुकीच्या जागी लागतो. रूपांतर करावेच लागते; ते हिशोब संपल्यावर करावे.

(क्ष − 1) चा सातवा घात विस्तारून लिहा आणि 0.988 ते 1.012 एवढ्याच टापूत त्याचा आलेख काढा. खरा वक्र गुळगुळीत आहे, शून्याला एकदाच छेदतो. 1.01 ला त्याची किंमत 10 च्या उणे 14 व्या घाताइतकी इवलीशी. पण विस्तारात 35 हा सहगुणक येतो, आणि 35 च्या आसपास लागोपाठच्या दोन फ्लोटांमधले अंतरच जवळपास तेवढे असते. त्यामुळे आधी फ्लोट करून हिशोब केला की शून्याभोवती नुसती करवत दिसते, जणू मुळे डझनावारी आहेत. तोच विस्तार अपूर्णांकांत सोडवून फक्त उत्तरे फ्लोट केली, तर वक्र जसाच्या तसा उतरतो.

पडद्यावर आडवे 1,920 ठिपके असताना 16 अंकांची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, म्हणूनच शेवटी केलेल्या रूपांतरात काही गमावत नाही. उलट लायब्ररी अक्ष आपोआप ताणते, तेव्हा हिशोबात शिरलेला कचराच पडदाभर पसरतो. अपूर्णांकांचे हिशोब मंद असतात, छेद फुगत जातात, हा आक्षेप जास्त वजनदार. हवामानाच्या प्रारूपात ते परवडणारच नाहीत, तिथे पहिल्यापासून फ्लोटच हवा. पण चारपाचशे बिंदूंच्या आलेखाला ही सबब चालत नाही. राहिली लायब्ररीनेच गुपचूप रूपांतर करावे ही मागणी. फ्लोट होताना 9,00,71,99,25,47,40,993 मधला शेवटचा 3 मुकाट्याने 2 होतो. असा बदल कधी सोसायचा हे आकडे ज्याचे आहेत त्याने ठरवावे. आलेख काढणाऱ्या लायब्ररीला ते आकडे कशाचे आहेत हेही माहीत नसते.